नखाखालचा काळा डाग

बॉब मार्लीला गाण्याइतकंच फुटबॉलचं वेड होतं. जमैकातल्या नाइन माइल या खेड्यात ६ फेब्रुवारी १९४५ रोजी जन्मलेल्या या गायकाने रेगे संगीत जगभर नेलं. डिसेंबर १९७६मध्ये किंग्स्टनच्या राहत्या घरी त्याच्यावर गोळीबार झाला. त्यातून तो वाचला आणि लंडनला गेला.

१९७७मध्ये खेळताना उजव्या पायाच्या अंगठ्याला मार लागला. जखम भरेना. तपासणीत नखाखाली मेलॅनोमा निघाला, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. तो फुटबॉलमुळे झाला, असं अजूनही सांगितलं जातं. एका माराने मेलॅनोमा होत नाही. उलट डाग दुखापतीचाच समजून दुर्लक्ष होतं, हा धोका मोठा.

सावळ्या कातडीला हा कर्करोग होत नाही, हा दुसरा गैरसमज. भारतातही तो विरळा आहे, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली. नखातली काळी रेघ रुंदावत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलेली बरी.

गोऱ्या लोकांच्या मेलॅनोमात उन्हामुळे पेशींच्या जनुकांत हजारो बारीक चुका झालेल्या असतात. मार्लीला झालेल्या प्रकाराचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. यात बारीक चुका कमी, पण मोडतोड मोठी. गुणसूत्रांचे तुकडे पडतात, भलतीकडेच जोडले जातात. पेशींची वाढ करणाऱ्या काही जनुकांच्या नको तितक्या प्रती तयार होतात, तर वाढीला लगाम घालणारी काही जनुकं गळून पडतात. मुळात रंगपेशी प्रवासी जातीच्या. गर्भात त्या पाठीच्या कण्याजवळून निघून त्वचेपर्यंत पोहोचतात. कर्करोगात तीच जुनी खोड पुन्हा जागी होते, असं मानलं जातं. मार्लीच्या गाठीत नेमके काय बदल होते, हे तपासायची सोयच तेव्हा नव्हती.

डॉक्टरांनी अंगठा काढायला सांगितलं. रास्ताफारी श्रद्धेनुसार शरीर अखंड राहावं म्हणून त्याने नकार दिला, असं सांगतात. शेवटी नख आणि त्याखालचा भाग काढून मांडीची त्वचा लावली. अंगठा काढला असता तर तो वाचलाच असता, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पेशी तोवर निसटल्याही असतील.

त्यानंतरही दौरे चालूच राहिले. सप्टेंबर १९८०मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावताना तो कोसळला. कर्करोग मेंदू, फुप्फुस, यकृतात पोहोचला होता. तरीही २३ सप्टेंबरला पिट्सबर्गला तो गायला. तो त्याचा शेवटचा कार्यक्रम. मग जर्मनीत बव्हेरियातल्या एका दवाखान्यात काही महिने उपचार झाले. तिथून तो घरी जमैकाला निघाला, पण वाटेत प्रकृती ढासळल्याने मायामीतच थांबावं लागलं. ११ मे १९८१ रोजी, वयाच्या ३६व्या वर्षी, तिथेच त्याचं निधन झालं. दफन मात्र नाइन माइललाच झालं.