तारेची जाडी आणि लॉर्ड केल्व्हिन

घरांत विजेचा दिवा घ्यावयाचा म्हणजे पहिला प्रश्न तारेच्या जाडीचा. तार बारीक घेतली तर ती तापते व प्रसंगीं वरचें आवरण जळून आग लागते; जाड घ्यावी तर तांब्याला पैसा पडतो. हा प्रश्न ज्यांनीं गणिताच्या कसोटीस लावला त्या लॉर्ड केल्व्हिन यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

त्यांचें मूळ नांव विल्यम टॉमसन. जन्म २६ जून १८२४ रोजीं बेलफास्ट येथें झाला. ते सहा वर्षांचेही झाले नव्हते तोंच आई वारली. वडील गणिताचे अध्यापक. त्यांनींच मुलांना शिकविलें. पुढें वडिलांस ग्लासगो विद्यापीठांत जागा मिळाली, व तेथेंच दहाव्या वर्षीं विल्यमचें नांव दाखल झालें! (हें वाचून आमच्या चौथीच्या मुलांनीं घाबरूं नये.) १८४६ सालीं, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षीं, ते तेथें पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले व ती जागा त्यांनीं त्रेपन्न वर्षें भूषविली. सकाळच्या व्याख्यानास ते प्रार्थनेनें आरंभ करीत.

अटलांटिक महासागराच्या तळाशीं तार टाकण्याचा बेत निघाला तेव्हां टॉमसन यांनीं गणितानें दाखविलें कीं, तारेची लांबी दुप्पट झाली तर संदेशाचा विलंब चौपट होतो. यास्तव तांबें जाड व शुद्ध हवें, आणि भोंवतालचें गटापर्चाचें वेष्टनही जाड हवें. कंपनीचे विद्युत्तज्ज्ञ व्हाइटहाउस हे मूळचे शस्त्रवैद्य. त्यांस हें पटलें नाहीं, आणि सागरी मैलास केवळ १०७ पौंड तांबें घालून तार करण्यांत आली. आपला सल्ला डावलला म्हणून टॉमसन रुसून घरीं बसले नाहींत. त्याच दुबळ्या तारेसाठीं त्यांनीं अतिसूक्ष्म प्रवाह दाखविणारें आरशाचें यंत्र सिद्ध केलें व ते स्वतः जहाजावर गेले. आम्हांस त्यांच्या चरित्रांतील हाच भाग सर्वांत थोर वाटतो.

ऑगस्ट १८५८ मध्यें तार जोडली गेली. राणी व्हिक्टोरिया यांचा ९८ शब्दांचा संदेश पोंचावयास सोळा तास लागले! व्हाइटहाउस यांनीं सुमारें दोन हजार व्होल्टांचा दाब लावला, आणि थोड्याच आठवड्यांत तार मुकी झाली. पुढील तारेंत मैलास ३०० पौंड तांबें घातलें. १८६५ सालीं ती भर समुद्रांत तुटली. १८६६ सालीं मात्र 'ग्रेट ईस्टर्न' जहाजानें काम तडीस नेलें, व टॉमसन 'सर' झाले. त्याच जहाजानें १८७० सालीं मुंबई-एडन तार टाकली.

१८८१ सालीं त्यांनीं दिव्यांच्या तारांचा हिशेब मांडला. समजा, एका तारेच्या तांब्याच्या किंमतीचें वार्षिक व्याज ४० रुपये व तारेंत उष्णतारूपानें वायां जाणाऱ्या विजेचें मोल १० रुपये आहे. एकूण खर्च ५०. तारेच्या छेदाचें क्षेत्रफळ निम्मे केलें तर व्याज २० होतें, पण विरोध दुप्पट झाल्यामुळें नुकसानही २०, एकूण ४०. आणखी निम्मे केलें तर १० व ४०, पुन्हा ५०! अर्थात् दोन्ही रकमा समान होतात तेथेंच सर्वांत कमी खर्च. घरच्या तारेंत मात्र ती किती तापेल हें आधीं पाहावें लागतें, आणि दूरच्या दिव्यापर्यंत दाब फार उतरत नाहीं ना, हेंही.

त्याच वर्षीं त्यांनीं ग्लासगोंतील आपल्या घरीं विजेचे दिवे लावविले. १८९२ सालीं ते लॉर्ड झाले, आणि विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्व्हिन नदीचें नांव त्यांनीं धारण केलें. १७ डिसेंबर १९०७ रोजीं त्यांचें देहावसान झालें. वेस्टमिन्स्टर ॲबे येथें न्यूटन यांच्या समाधीजवळ त्यांस पुरण्यांत आलें.