चिमणीवरची गाळणी

जॉन कॉक्रॉफ्ट यांचं नाव विज्ञानाच्या पुस्तकात अणूचं केंद्रक फोडणारे शास्त्रज्ञ म्हणून येतं. डॉक्टर म्हणून मला ते जवळचे वाटतात एका गाळणीमुळे.

१८९७ साली इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन गावी, कापडधंद्यातल्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पहिल्या महायुद्धात तोफखाना, मग मँचेस्टरला विद्युत अभियांत्रिकी आणि पुढे केंब्रिजला रदरफर्ड यांची प्रयोगशाळा. १९३२ मध्ये अर्नेस्ट वॉल्टन यांच्यासोबत त्यांनी प्रोटॉनच्या माऱ्याने लिथियमचं केंद्रक फोडलं. त्यासाठी १९५१ चं नोबेल दोघांना मिळालं.

युद्धानंतर ते हार्वेलच्या अणुसंशोधन संस्थेचे प्रमुख झाले. तेव्हा विंडस्केल इथं हवेने थंड होणाऱ्या दोन अणुभट्ट्या उभ्या राहत होत्या. भट्टीतली हवा चिमणीतून बाहेर पडणार, तर तिथे फिल्टर हवाच, असा आग्रह त्यांनी धरला. चिमण्यांचं बांधकाम बरंच पुढे गेलं होतं, म्हणून फिल्टर पार टोकाला, सुमारे १२० मीटरवर बसवावे लागले. लोकांनी त्याला कॉक्रॉफ्टचा वेडेपणा असं नाव ठेवलं.

ऑक्टोबर १९५७ मध्ये एका भट्टीला आग लागली. किरणोत्सारी धूलिकणांचा मोठा भाग त्याच फिल्टरने अडवला. पण वायुरूपातलं आयोडीन-१३१ निसटलं. ते गवतावर बसलं, गाईच्या पोटात गेलं, दुधात उतरलं. थायरॉइड ग्रंथी आयोडीन ओढून घेते. मुलांची ग्रंथी लहान आणि दूध पिणं जास्त, म्हणून धोका त्यांना अधिक. सुमारे ५०० चौरस किलोमीटर भागातलं दूध ओतून द्यावं लागलं.

असा वायू पकडायला रसायन मुरवलेला सक्रिय कोळसा लागतो. आता अणुभट्ट्यांत तसे फिल्टर असतात. पण कोळसा कितीही चांगला असला, तरी चौकटीच्या रबरी पट्टीला फट राहिली की हवा तिथूनच पळते. मास्क नाकाशी सैल असावा तसं. म्हणून फिल्टरच्या अलीकडे निरुपद्रवी वायू सोडतात आणि पलीकडे किती आला ते मोजतात. कोळसा ओलाव्याने, रंगाच्या वाफेने निकामी होतो. ते या चाचणीत कळत नाही. त्यासाठी कोळशाचा नमुना प्रयोगशाळेत तपासावा लागतो.

कॉक्रॉफ्ट १९६७ साली गेले. फिल्टर बसवण्याइतकंच तो वेळोवेळी तपासणंही गरजेचं असतं. मग तो अणुभट्टीतला असो की ऑपरेशन थिएटरमधला.