नादोपासक अब्दुल करीम खाँ

नादाच्या उपासनेनेही परमेश्वराची सेवा घडते, अशी आपल्या परंपरेची श्रद्धा आहे. ही उपासना ज्यांनी आजन्म केली, त्यांत संगीतरत्न अब्दुल करीम खाँ यांचे नाव आदराने घेतले जाते.

खाँसाहेबांचा जन्म उत्तर हिंदुस्थानातील किराणा गावी १८७२ साली गवयांच्या घराण्यात झाला. वडील काले खाँ व चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडून त्यांना विद्या मिळाली. तरुणपणी ते बडोदे दरबारी गायक होते. तेथे ताराबाई माने यांच्याशी त्यांचे मन जुळले व उभयतांनी बडोदे सोडले. पुढे मिरज हीच त्यांची कर्मभूमी झाली. म्हैसूर दरबारच्या निमित्ताने कर्नाटक संगीताशी त्यांचा परिचय वाढला. तेथील सरगम त्यांनी आपल्या ख्यालात आणली आणि त्यागराजांची कृतीही ध्वनिमुद्रित केली. पुण्यास त्यांनी आर्य संगीत विद्यालय स्थापिले आणि जातिधर्म न पाहता गरीब विद्यार्थ्यांस आपल्या घरचे मानून शिकविले. बावीस श्रुतींच्या संशोधनात देवल व क्लेमेंट्स यांना त्यांच्या गळ्याचे मोठे साहाय्य झाले.

संसारात मात्र त्यांना दुःख भोगावे लागले. १९२२ साली ताराबाई मुलांसह विभक्त झाल्या. सुरेशबाबूंना प्रारंभीची तालीम पित्याकडून लाभली होती. कन्या हिराबाई बडोदेकर यांना पुढे अब्दुल वहीद खाँ यांनी घडविले. घर दुभंगले, तरी खाँसाहेबांची स्वरसाधना खंडित झाली नाही.

१९०५ साली त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीनचार मिनिटांचा अवकाश; ज्या रागास तास अपुरा पडे, तो तेवढ्यात मांडावयाचा. उतारवयात ओडियन कंपनीसाठी त्यांनी ख्याल, ठुमऱ्या व मराठी नाट्यपदे गाइली. त्यांत तानांची आतषबाजी नाही. एकेका स्वराची आर्त विनवणी आहे. जे कधी त्यांच्या बैठकीस बसले नाहीत, त्यांच्याही कानी तो सूर गेला. गदगच्या बाल भीमसेन जोशी यांना गाण्याची ओढ लागली ती याच ध्वनिमुद्रिकांनी. आणि गुरूचा शोध संपला तो कुंदगोळास, खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्या चरणी. पित्याच्या घरातून जी विद्या दुरावली, ती अशा रीतीने परक्या घरी पोहोचली.

१९३७ च्या ऑक्टोबरात ते मद्रासहून पाँडिचेरीस अरविंदाश्रमाकडे निघाले होते. वाटेत प्रकृती बिघडल्याने ते सिंगपेरुमाळकोविल स्थानकावर उतरले. फलाटावर अंथरूण घातले गेले. अंतकाळ जाणून त्यांनी तंबोरा जुळविण्यास सांगितले, दरबारी रागात ईश्वराची प्रार्थना केली आणि त्या स्वरांतच २७ ऑक्टोबर रोजी देह ठेवला. मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांचे चिरविश्रांतिस्थान आहे. तेथे उरुसात गायक-वादक आजही त्यांच्या स्मरणार्थ स्वरसेवा रुजू करतात. अंतकाळी मुखी प्रभूचे नाम यावे, हीच प्रत्येक भक्ताची इच्छा. खाँसाहेबांना ते स्वरासह लाभले.