जखमेचा शत्रू ओळखणारा शल्यविशारद

शस्त्रक्रिया यशस्वी व्हावी आणि रुग्ण मात्र आठवडाभरात दगावावा, हा एकोणिसाव्या शतकातील रुग्णालयांचा नित्याचा अनुभव होता. १८४६ साली ईथरची भूल आली आणि वेदना सरली. जखम चिघळणे मात्र थांबले नाही. दोष दूषित हवेला दिला जाई. रक्ताने कडक झालेला कोट घालून, हात न धुता शस्त्र हाती घेण्यात कोणालाच वावगे वाटत नसे.

जोसेफ लिस्टर यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी इंग्लंडमधील अप्टन येथे क्वेकर कुटुंबात झाला. वडील मद्याचे व्यापारी, पण सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांत त्यांनी केलेली सुधारणा विज्ञानजगतात मान्यता पावली होती. जे डोळ्यांना दिसत नाही तेही असू शकते, हा संस्कार लिस्टर यांना घरातच मिळाला. ग्लासगोत प्राध्यापक असताना रसायनशास्त्रज्ञ टॉमस अँडरसन यांनी त्यांचे लक्ष लुई पाश्चर यांच्या संशोधनाकडे वेधले. पदार्थ कुजतो तो सूक्ष्म जीवांमुळे, तर जखमही त्यांच्यामुळेच कुजत असणार! जखम उकळता येत नाही. तेव्हा रसायन हवे. कार्लाइल शहरात सांडपाण्याची दुर्गंधी घालवण्यासाठी कार्बोलिक आम्ल वापरत असल्याचे त्यांना ठाऊक होते.

१२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत अकरा वर्षांचा एक मुलगा आणला गेला. गाडीचे चाक पायावरून गेल्याने हाड मोडले होते आणि जखम उघडी होती. अशा वेळी पाय कापणे हाच रिवाज. लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी बांधली. चार दिवसांनी ती सोडली, तर पू नव्हता, दुर्गंधीही नव्हती. सहा आठवड्यांत हाड जुळले.

पुढे त्यांनी आकडेच मांडले. पूर्वी अवयवच्छेदाच्या ३५ रुग्णांपैकी १६ दगावले होते. नव्या पद्धतीनंतर ४० पैकी ६. तरीही विरोध झाला, लंडनमध्ये तर विशेष. हे मान्य करायचे म्हणजे इतकी वर्षे आपल्याच हातांनी रुग्णांपर्यंत मृत्यू पोहोचवला, हे कबूल करणे होते. ते कोणत्या नामवंताला रुचणार? खुद्द लिस्टरही बराच काळ जुना कोट घालूनच शस्त्रक्रिया करीत, हेही खरे.

१८७७ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजात येताच त्यांनी एका रुग्णाचा गुडघा मुद्दाम उघडून मोडलेली वाटी चांदीच्या तारेने जोडली. धडधाकट कातडी कापून सांधा उघडणे म्हणजे जिवाशी खेळ, असा तेव्हाचा समज. रुग्ण बरा झाला.

शस्त्रक्रियेच्या वेळी कार्बोलिकचा फवारा मारण्याची त्यांची पद्धत मात्र टिकली नाही. हवेपेक्षा हात आणि हत्यारे अधिक घातक, हे पटल्यावर १८९० साली बर्लिनच्या परिषदेत त्यांनी त्या फवाऱ्याबद्दल उघडपणे खेद व्यक्त केला.

पत्नी ॲग्नेस या त्यांच्या प्रयोगांच्या लेखनिक होत्या. १८९३ साली त्या निवर्तल्यावर लिस्टर यांचे कामातील मन उडाले. १० फेब्रुवारी १९१२ रोजी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीत प्रार्थना झाली. दफन मात्र हॅम्पस्टेडच्या दफनभूमीत, ॲग्नेस यांच्या शेजारी झाले.