पंधरा वेळा जगज्जेते, एकदाही हार नाही. खाण कामगाराच्या मुलाने मोठं केलं स्नूकर

स्नूकर हा खेळ मूळचा आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातला. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत इंग्रज अधिकाऱ्यांनी तो मांडला. पण या खेळावर पोट भरता येतं, हे दाखवलं इंग्लंडमधल्या एका खाण कामगाराच्या मुलाने. त्यांचं नाव जो डेव्हिस.

जन्म १५ एप्रिल १९०१, डर्बीशायरमधल्या व्हिटवेल गावचा. वडील कोळशाच्या खाणीत कामाला. पुढे खाण सोडून त्यांनी चेस्टरफील्डजवळ पब चालवायला घेतला. तिथे बिलियर्डचं मोठं टेबल होतं, पोरगं त्याच्यावरच घडलं. तेराव्या वर्षी त्या भागातली स्पर्धा मारली, अठराव्या वर्षी खेळ हाच धंदा धरला. उजव्या डोळ्याने नीट दिसत नव्हतं, म्हणून काठी मधोमध न धरता डाव्या डोळ्याखालून चालवायचे. तीच त्यांची नेमबाजी.

त्या काळी मान होता बिलियर्डला. स्नूकर म्हणजे नुसता विरंगुळा. डेव्हिस बिलियर्डचेही जगज्जेते होते, पण गर्दी ओढेल ती रंगीत चेंडूंच्या स्नूकरला, हे त्यांनी ओळखलं. बर्मिंगहॅमचे बिलियर्ड हॉलवाले बिल कॅमकिन यांना सोबत घेऊन १९२७ साली पहिली जागतिक स्पर्धा उभी केली आणि जिंकली. खेळाडूंच्या प्रवेश फीतूनच चषक आणला. डेव्हिस यांच्या हातात पडले साडेसहा पौंड. तोच चषक आजही जगज्जेत्याला देतात.

१९३१ साली तर स्पर्धेत खेळाडू दोनच. दुसरे टॉम डेनिस. त्यांच्याच नॉटिंगहॅममधल्या पबच्या मागच्या खोलीत जागतिक सामना झाला. आपल्या जत्रेतली कुस्तीसुद्धा यापेक्षा मोठी भरते! पण डेव्हिस यांनी धीर सोडला नाही.

१९४० साली अंतिम सामन्यात समोर आले सख्खे धाकटे भाऊ फ्रेड. थोरला जिंकला, पण कसाबसा, ३७ विरुद्ध ३६. मग महायुद्धामुळे स्पर्धा बंद पडली. त्या वर्षांत डेव्हिस यांनी नाट्यगृहांत खेळाचे प्रयोग केले. टेबलावर मोठा आरसा टांगायचा, म्हणजे मागच्यालाही चेंडू दिसायचा.

१९४६ साली पंधरावं विजेतेपद घेतलं आणि जागतिक स्पर्धेतून ते बाजूला झाले. तिथे एकही सामना कधी हरले नाहीत. इथेच खरी अडचण झाली. इतर सामने ते खेळतच राहिले. फ्रेड पुढे आठ वेळा जगज्जेते झाले, पण लोकांच्या लेखी खरा जगज्जेता थोरलाच. ज्या किताबासाठी डेव्हिस खेळत नाहीत, त्याची किंमत काय? १९५७ साली स्पर्धेला चारच खेळाडू उरले आणि नंतर काही वर्षं ती बंदच राहिली. व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेवर डेव्हिस यांचाच शब्द चालायचा. ज्यांनी रोप लावलं त्यांच्याच सावलीत ते खुरटलं, हेही सांगितलं पाहिजे.

त्यांच्या हातात मात्र जादू होती. २२ जानेवारी १९५५ रोजी लंडनच्या लेस्टर स्क्वेअर हॉलमध्ये त्यांनी सलग १४७ गुण केले. पंधरा लाल चेंडू, प्रत्येक लालनंतर काळा, म्हणजे १२०. मग सहा रंगीत चेंडूंचे २७. एकही फटका चुकून चालत नाही. अधिकृत नोंद झालेला असा हा पहिलाच खेळ, पण नियमांच्या वादात ती मान्यता मिळायला १९५७ उजाडलं.

१९६९ पासून टीव्हीने खेळाला पुन्हा जीव दिला. जागतिक स्पर्धा शेफील्डला आली, चेस्टरफील्डपासून जवळच. १९७८ साली ७७ वर्षांचे डेव्हिस तिथे ६४ वर्षांच्या फ्रेड यांचा उपांत्य सामना बघायला बसले होते. बघता बघताच त्यांची तब्येत बिघडली. पुढे मोठं ऑपरेशन झालं, पण १० जुलैला ते गेले. फ्रेड तो सामना १८ विरुद्ध १६ असा हरले होते.