वीस शिलिंगांचा लढा

जॉन हॅम्पडन हे सतराव्या शतकातील इंग्लंडमधील एक सधन जमीनदार व पार्लमेंटचे सभासद होते. राजा पहिला चार्ल्स याने १६२७ मध्ये मागितलेले सक्तीचे कर्ज त्यांनी नाकारले आणि त्यासाठी कारावास सोसला.

१६२९ मध्ये राजाने पार्लमेंट विसर्जित केले व पुढे अकरा वर्षे ते बोलावले नाही. पैशाची गरज मात्र होतीच. संकटकाळी किनाऱ्यावरील गावांनी आरमारासाठी द्यावयाचा जहाजकर त्याने १६३५ मध्ये समुद्रापासून दूरच्या परगण्यांवरही लादला.

हॅम्पडन यांच्या एका जमिनीवरील आकारणी वीस शिलिंगांची होती. त्यांना ती सहज भरता आली असती. तरीही त्यांनी नकार दिला. पार्लमेंटच्या संमतीवाचून कर घेण्याचा अधिकार राजाला आहे काय, हा प्रश्न १६३७ मध्ये न्यायालयापुढे आला. बारा न्यायाधीशांपैकी सात जणांनी राजाच्या, तर पाच जणांनी हॅम्पडन यांच्या बाजूने मत दिले. ते खटला हरले. परंतु पाच न्यायाधीश राजाच्या विरोधात गेल्यामुळे प्रजेला धीर आला. १६४१ मध्ये पार्लमेंटने हा कर बेकायदेशीर ठरवला.

जानेवारी १६४२ मध्ये हॅम्पडन यांच्यासह पाच सभासदांना पकडण्यासाठी राजा शिपाई घेऊन स्वतः सभागृहात आला. पण ते आधीच निसटले होते. त्याच वर्षी यादवी युद्ध पेटले. जून १६४३ मध्ये चालग्रोव्हच्या लढाईत जखमी होऊन हॅम्पडन मरण पावले. पार्लमेंटचा विजय त्यांना पाहता आला नाही. मात्र त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर १६८९ च्या हक्कांच्या कायद्याने कायमचे दिले : पार्लमेंटच्या संमतीवाचून कर नाही.