सावली राखणारा बादशहा : शेरशहा सूरी

यावलहून फैजपूरकडे मोटारसायकलवर जाताना वळणावर काटेरी बाभळी रस्त्यावर झुकलेल्या दिसतात. समोरून केळीचा ट्रक येतोय की काय, कळतच नाही. झाडं कुणी छाटायची, विचारा. गावाच्या हद्दीत नगरपरिषद, बाहेर बांधकाम खातं, बांधावर शेतकरी. आम्ही विचारून पाहिलं, ज्याने-त्याने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. अशा वेळी आम्हाला शेरशहा सूरी आठवतो.

मूळ नाव फरीद. बाप हसनखान बिहारमधल्या सासारामचा जागीरदार. सावत्र आईच्या कटकटीमुळे पोरगा घर सोडून जौनपूरला गेला आणि तिथे शिकला. पुढे बापाने परगण्याचा कारभार सोपवला, तेव्हा त्याने जमीन मोजून घेतली आणि रयतेला नाडणाऱ्या मुकादमांना वठणीवर आणलं. वाघ मारला म्हणून शेरखान हा किताब मिळाला. १५३९ मध्ये चौसा आणि १५४० मध्ये कनौज इथे हुमायूनला हरवून तो दिल्लीच्या तख्तावर बसला. राज्य केलं जेमतेम पाच वर्षं.

त्या पाच वर्षांत त्याने रस्ते बांधले. बंगालमधल्या सोनारगावपासून सिंधू नदीपर्यंतचा रस्ता सगळ्यांना ठाऊक आहे. पण दुसरा एक रस्ता आग्र्याहून बुऱ्हाणपूरच्या दिशेने येत होता, म्हणजे आपल्या अंगणापर्यंतच म्हणा ना! त्या वेळी खानदेश फारुकी सुलतानांकडे होता, शेरशहाचं राज्य इथवर नव्हतं, हेही सांगायला हवं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फळझाडं, कारण मुसाफिराला उन्हाच्या झळा लागू नयेत. दर दोन कोसांवर सराय. त्या हिशेबाने यावल ते फैजपूर एवढ्यात दोन सराया लागल्या असत्या. सरायीत विहीर, मशीद, इमाम, मुअज्जिन, चौकीदार. हिंदू आणि मुसलमान मुसाफिरांच्या पाण्याची अन् जेवणाची सोय वेगवेगळी, ज्याची त्याला चालेल अशी. खर्चासाठी जमिनी लावून दिलेल्या. आम्हाला यातच खरी गोम वाटते. झाड लावायला कुणीही येतो, फोटोही निघतो; दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी कोण घालणार? तिथे विहीर जवळ होती, माणूस नेमलेला होता आणि त्याच्या पोटाची सोय होती.

रस्त्याच्या सुरक्षेचंही तसंच. गावाच्या हद्दीत वाटसरू लुटला गेला आणि चोर सापडला नाही, तर भरपाई त्या गावच्या मुकादमाने करायची. खून झाला तर आणखी कडक. हा कायदा कठोर होता, निरपराध मुकादमही भरडला जात असेल. पण मग मुकादमच रात्री रस्ता राखायला लागले. लष्कर जाताना उभ्या पिकाला हात लावणाऱ्या शिपायालाही त्याने सोडलं नाही.

आपल्या दीनमध्ये रस्त्यातला काटा बाजूला करणं हे ईमानचाच भाग मानलंय. तरी वळणावरची बाभूळ वर्षभर तशीच.

मे १५४५ मध्ये कालिंजरच्या किल्ल्याला वेढा घातलेला असताना दारूचा स्फोट झाला आणि शेरशहा भाजला. किल्ला पडल्याची खबर कानावर पडली, मग त्याने डोळे मिटले. सासारामला तलावाच्या मधोमध त्याचा मकबरा आजही उभा आहे.